झेंडे लावण्यापलीकडेही काम आहे

वर एकांनी विचारलंय की पक्षाची सदस्य नोंदणी चालू आहे, शाखेची मीटिंगपण लागलीय, पण आपल्याला घोषणा नि बॅनरबाजी जमत नाही, मग जाऊन करायचं काय? माझं सरळ म्हणणं, मतदार यादीचं काम मागून घ्या. मान्यताप्राप्त पक्षांना प्रत्येक बूथसाठी आपला प्रतिनिधी नेमता येतो, त्याला बीएलए म्हणतात, बीएलओला, म्हणजे बूथची यादी सांभाळणाऱ्या सरकारी माणसाला, यादी तपासायला मदत करायची हे त्याचं काम, पण बऱ्याच ठिकाणी ते नाव नुसतं कागदावरच असतं.

मी मागे यादीची प्रिंट घेऊन आमच्या बिल्डिंगचे चारही मजले फिरलो, पेन्सिलीने टिक करत, तर तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली तरी त्यांचं नाव तसंच, आणि नातीला १८ पूर्ण होऊनही नवीन नाव नोंदवायचा फॉर्म ६ भरलेलाच नाही. तिला वाटत होतं आता थेट पुढच्या जानेवारीतच. तसं नाहीये हो, २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा १८ वर्षं पूर्ण झाली का हे बघायला धरतात. नाव वगळायला फॉर्म ७, दुरुस्ती नाहीतर पत्ता बदलायला फॉर्म ८.

आणि मीटिंगला जाताना वॉर्डचे दोन प्रश्न लिहूनच न्या, इतिवृत्तात नोंदवून घ्या, पुढच्या वेळी सुरुवातीलाच ते वाचून दाखवायला सांगा.