फ्रान्सच्या राजाला कर लावण्यासाठी सभेची गरज का उरली नाही?

प्रश्न : इंग्लंडच्या राजाला नवा कर हवा असला की पार्लमेंटची मनधरणी करावी लागे. फ्रान्समध्ये मात्र धर्मगुरू, सरदार आणि सामान्यजन यांची ‘एस्टेट्स जनरल’ ही सभा 1614 नंतर एकदम 1789 मध्येच भरली. मधली पावणेदोनशे वर्षे सरदारांनी हे चालू कसे दिले?

उत्तर 1 : याचे मूळ इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातील शतवार्षिक युद्धात आहे. 1356 मध्ये प्वातिए येथे राजा जाँ दुसरा इंग्रजांच्या कैदेत सापडला आणि त्याच्या सुटकेच्या खंडणीसाठी देशभर कर बसवावे लागले. पुढे बेकार झालेल्या सैनिकांच्या टोळ्यांनी खेडी लुटायला सुरुवात केल्यावर सातव्या चार्ल्सने 1439 मध्ये आपल्या परवानगीशिवाय कोणीही सैन्य उभारू नये, असा हुकूम काढला आणि 1445 मध्ये पगारी घोडदळाची कायमची पथके उभी केली. त्यांच्या खर्चासाठी ‘ताय’ हा कर सभेला न विचारता दरवर्षी वसूल होऊ लागला, आणि लुटीला विटलेल्या रयतेला तो त्यातल्या त्यात परवडला.

उत्तर 2 : सरदार गप्प राहिले याचे कारण साधे आहे: ताय त्यांना भरावाच लागत नव्हता, उलट त्या पैशातून त्यांना पथकांची सरदारकी आणि तनखे मिळत. इंग्लंडमधले उमराव पार्लमेंटने मंजूर केलेले कर स्वतः भरत, म्हणून तिथे हिशेब मागितला जाई. शिवाय भोवती समुद्र असल्याने तिथल्या राजाला खड्या फौजेची सबबही सांगता येत नसे.

उत्तर 3 : वरील दोन्ही उत्तरे पटतात, पण राजा सर्वशक्तिमान झाला असे समजू नये. ब्रिटनी, बर्गंडी, लांगदोक या प्रांतांच्या स्वतःच्या सभा टिकून होत्या आणि कराच्या रकमेवर त्या घासाघीस करीत. त्याहून मोठी अडचण राजानेच ओढवून घेतली होती, कारण रोकड हवी म्हणून तो सरकारी पदे विकत असे. 1604 पासून पदाच्या किमतीचा साठावा हिस्सा दरवर्षी भरला की ते पद वारसाकडे जाऊ लागले, आणि वतनदारासारखा बसलेला हा अधिकारी राजालाही सहज हलवता येईना. म्हणून तेराव्या लुईचा मुख्यमंत्री रिशल्यू याने मर्जीनुसार परत बोलावता येतील असे ‘अँतांदाँ’ नावाचे अधिकारी प्रांतोप्रांती नेमले. 1648 मध्ये पॅरिसच्या न्यायाधीशांनी बंड केले, तेव्हा त्यांच्या मुख्य मागण्यांमध्ये हे अँतांदाँ काढून टाकण्याची मागणी होती. हे न्यायाधीशही विकत घेतलेल्या पदांवरच बसलेले होते. दरबाराने ती मागणी तेव्हा बव्हंशी मान्य केली, पण बंड मोडल्यावर अँतांदाँ पुन्हा प्रांतांत रुजू झाले.