काळ्या टी-शर्टवर लाल रंग उठत नाही, मदत हवी आहे

मित्रांच्या इंडस्ट्रियल मेटल बँडसाठी टी-शर्ट छापतोय. डोळ्यांसमोर आहे ती केएमएफडीएम या जर्मन बँडच्या मुखपृष्ठांची शैली. चित्रकार एडन ह्यूजची ती चित्रं: लाकडी ठशासारख्या जाड रेघा, सोव्हिएत पोस्टरसारखी टोकदार मांडणी, मोजकेच सपाट रंग. या संगीताचा यंत्रासारखा ठोका कागदावर इतका चपखल उतरलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आमचं चित्र स्वतःचं आहे, नक्कल नाही. लष्करी चिन्हंही मुद्दाम टाळली आहेत.

कापड शंभर टक्के सुती, काळं, १८० जीएसएम. स्क्रीन प्रिंटिंग हातानेच, घरच्या टेबलावर. थेट लाल प्लास्टिसॉल (कापडावर थर धरणारी प्लास्टिकयुक्त शाई) मारला तर विटकरी दिसतो. खाली पांढरा थर देऊन, हीट गनने सुकवून वर लाल चढवला तर रंग झळकतो, पण छातीवर रबराचा पत्रा चिकटवल्यासारखं वाटतं आणि स्टेजवरच्या उकाड्यात ते नकोसं होतं. कापडाचा मूळ रंग उडवून त्या जागी आपला रंग देणारी डिस्चार्ज इंकही वापरून पाहिली (गच्चीवर, कारण वास भयंकर). एका दुकानातल्या कापडाचा काळा रंग छान उडाला, दुसऱ्याचा मळकट तपकिरीवरच अडला. डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवणं) नको, रेघांच्या कडा किंचित खडबडीतच हव्यात.

तर, काळं कापड डिस्चार्जला साथ देणाऱ्या रिअॅक्टिव्ह रंगाचं आहे की सल्फरचं, हे घाऊक माल उचलण्याआधी कसं ओळखता? आणि प्लास्टिसॉलच वापरायचा झाला, तर पांढरा थर पातळ पण झाकणारा बसावा म्हणून स्क्रीनला कितीची जाळी (किती धाग्यांची) घ्यावी?