मदत हवी आहे: माळ्यावरून काढलेला मिनीडीव्ही कॅमेरा कॅसेट धड वाजवत नाही (ठाणे)

नमस्कार मंडळी,

नौपाड्यातली आमची माहेरची इमारत पुनर्विकासाला गेली. माळा रिकामा करताना रजयांखाली बाबांचा व्हिडिओ कॅमेरा सापडला. २००५ साली घेतलेला, मिनीडीव्ही कॅसेटवाला. २०१२ नंतर कोणी हात लावलेला नाही. तेव्हापासूनचे ठाण्यातले सगळे पावसाळे त्याने रेक्झिनच्या बॅगेत काढले, तेही बॅटरी लावलेलीच ठेवून.

बॅटरी मेली आहे. चार्जरचा दिवा नुसता लुकलुकतो. अ‍ॅडॉप्टर थेट लावला की कॅमेरा चालू होतो, मात्र दर वेळी तारीख विचारतो. समोरचं चित्र स्क्रीनवर लख्ख दिसतं, झूमही चालतो. भानगड कॅसेटची आहे. पहिल्या दिवशी थेंबाचं (म्हणजे आत ओल असल्याचं) चिन्ह दाखवून अडून बसला. मग दोन दिवस सिलिका जेलच्या नव्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवला. (सासूबाई तांदळात ठेव म्हणत होत्या. तांदळाची भुकटी आत गेली तर निस्तरणार कोण?) थेंब गेला, कॅसेट आत गेली. पण चित्रात आडवे पट्टे! एक पट्टा नीट, त्याखालचा चौकडी चौकडीचा, पुन्हा एक नीट. आवाज तुटक. वीसेक सेकंदांत पडदा निळा.

ही कॅसेट एका रिसेप्शनची होती, गेली असती तरी चाललं असतं. खरी कॅसेट अजून घातलेलीच नाही. तिच्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलंय, ‘पाडवा शोभायात्रा २००७ + आजी’. तलावपाळीवरची ढोल-लेझीम संपली की आजी आहे, श्रीखंडाचा चक्का फडक्यातून काढताना. “अरे, ते आधी बंद कर, पदर नीट नाही माझा,” असं काहीतरी म्हणते. तिचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही.

स्टेशनजवळच्या दुकानात नेला तर काउंटरवरच्या मुलाने झाकणसुद्धा उघडलं नाही. “मॅडम, हे आता कोण करत नाय.” मला विचारायचंय ते एवढंच: हे घरी दुरुस्त होण्यासारखं आहे का? आणि ती कॅसेट घालू का नको?

नुसताच वाचक: कॅसेटचं दार उघडा, कानातल्या काडीला स्पिरिट लावून आतला चकचकीत ड्रम पुसून घ्या. व्हीसीआरला आम्ही हेच करायचो.

खाडीकाठ: ताई, वरचं अजिबात करू नका. ड्रमवरचे हेड (टेप वाचणारे बारीक भाग) फार नाजूक असतात, काडीचा तंतू अडकला किंवा वरखाली घासलं की तुटतात.

पट्ट्यांवरून दुखणं जवळजवळ कळतंय. ड्रमवर दोन हेड असतात आणि ती टेप आळीपाळीने वाचतात. आपल्याकडच्या पॅल या व्हिडिओ पद्धतीत एक फ्रेम (एक पूर्ण चित्र) टेपवरच्या १२ ट्रॅकवर, म्हणजे तिरक्या रेघांवर असते, प्रत्येक ट्रॅक म्हणजे चित्राचा एक आडवा पट्टा. एक हेड चोंदलं की एकाआड एक पट्टा जातो. ड्रम मिनिटाला ९,००० फेरे घेतो आणि ट्रॅकची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, त्यामुळे बुरशीचा कणही पुरतो.

मिनीडीव्हीची कोरडी क्लीनिंग कॅसेट मिळवा. दहा सेकंदच चालवायची, जास्त नाही, ती पॉलिश पेपरसारखी हेड खाते. मग तीच रिसेप्शनची कॅसेट लावून बघा. फार तर दोन-तीनदा करा. तेवढ्याने नाही सुधारलं तर थांबा.

आजींची कॅसेट तोवर बाहेरच. तिच्या कडेची छोटी खटकी ‘सेव्ह’कडे सरकवून ठेवा, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं गेलं तरी पुसली जाणार नाही. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली तर कुठल्याच कॅमेऱ्यात घालू नका. तुमचा कॅमेरा गेला तर दुसरा जुना मिळेल, कॅसेट कुठून आणणार? बॅटरीचा नाद सोडा. इतकी वर्षं रिकामी राहिलेली लिथियमची बॅटरी जबरदस्तीने चार्ज करणं धोक्याचं असतं.

धागाकर्ती: खाडीकाठ, शतशः आभार! क्लीनिंग कॅसेट मावसभावाच्या ड्रॉवरमध्ये निघाली, सीलबंद. पहिल्या दहा सेकंदांनी फरक शून्य. दुसऱ्या वेळी पट्टे विरळ झाले. तिसऱ्यानंतर रिसेप्शन सलग पाच मिनिटं चाललं, नवरदेवाच्या फेट्याची जरसुद्धा मोजता येईल इतकं स्वच्छ. बुरशी दिसत नाही, खटकी सरकवली आहे. तरी ‘आजी’ घातलेली नाही. एकदाच चालेल असं धरून चालले आहे, आणि त्याच वेळी ती कॉम्प्युटरवर उतरवूनही घ्यायची आहे.

आता अडलंय ते इथे: कॅमेऱ्याला फायरवायर (व्हिडिओ कॉम्प्युटरवर घ्यायची जुनी जोडणी) आहे, घरातल्या एकाही लॅपटॉपला नाही. यूएसबीची वायर लावली तर फक्त मेमरी कार्डावरचे फोटो दिसतात. तासाच्या कॅसेटला १३ जीबी लागतात असं वाचलं, तेवढी जागा पेन ड्राइव्हवर आहे. फायरवायर कार्ड बसवलेला जुना, चालू डेस्कटॉप कोणाकडे आहे का? कळव्यापासून घोडबंदरपर्यंत कुठेही येईन, अ‍ॅडॉप्टर आणि वायर माझी.

खाडीकाठ: आहे. कळव्यात. रविवारी सकाळी या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. रिसेप्शनची कॅसेटही आणा, आधी ती उतरवून बघू.