डम्पिंगच्या जागा: वेटेज बदललं की पहिला नंबर बदलतो, आता काय करू?

विक्रोळी_ईस्ट: एम.टेक.च्या प्रोजेक्टला एमएमआरमधल्या (मुंबई महानगर प्रदेश) तीन जागा घेतल्यात. भूजल, वस्तीपासूनचं अंतर, वाहतूक, जमिनीचा भाव असे निकष, प्रत्येकाला वेटेज. बेरीज केली की अ पहिली येते. भूजलाचं वेटेज ३० वरून ४० केलं की ब वर. त्यात ब जवळच्या एकाच विहिरीच्या पाणीपातळीचं रीडिंग आहे, तेही मे महिन्यातलं. गाइड म्हणतात, सरासरी धर आणि पुढे जा. मला पटत नाही. (खिडकीतून कांजूरमार्गच्या डम्पिंगचा वास येतो, म्हणून जरा जास्तच मनावर घेतेय असेल.)

निवृत्त_सिव्हिल: वेटेज नंतर, आधी चाळणी. घनकचरा नियम काढा. २०१६ च्या नियमांत (एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी नवे आलेत, तेही ताडून बघा) किमान अंतरं अशी होती: नदीपासून १०० मीटर, तळं, महामार्ग, वस्ती, पिण्याच्या विहिरींपासून २००, विमानतळापासून २० किमी, १० ते २० च्या मधे असेल तर ना हरकत घेऊन. सांताक्रूझभोवती २० किमीचं वर्तुळ काढा, दहिसरसुद्धा आत येतं. आता नवी मुंबईचंही काढावं लागेल. इथे नापास झालेली जागा जमीन स्वस्त म्हणून बेरजेत पास होते, सगळा घोळ तिथेच.

मे महिन्याचं रीडिंग आपल्याकडे काय कामाचं? त्याच नियमांत होतं: लायनरखालच्या, म्हणजे कचऱ्याचं पाणी झिरपू नये म्हणून घातलेल्या अस्तराखालच्या, मातीच्या थरापासून पाण्याची सर्वोच्च पातळी किमान २ मीटर खाली हवी. सर्वोच्च म्हणजे भर पावसाळ्यातली. सरासरी काढूच नका. मे एक टोक, ऑगस्ट दुसरं टोक, दोन्ही धरून गणित करा. दोन्हीकडे नंबर तोच राहिला तर पातळी मोजायला नवे बोअर मारण्यावर पैसे घालवू नका. उलटला, तर सगळं बजेट त्या एका आकड्यावर लावा.

आणि वेटेजमध्ये १० चा फरक तर तुमच्यात आणि गाइडमध्येच निघेल. अ आणि ब बरोबरीत आहेत असं सरळ लिहा.

सातबारा: जमिनीचा दर्जाही धरा. कांजूरची जवळपास १२० हेक्टर जागा मे २०२५ मध्ये हायकोर्टाने संरक्षित वन ठरवली, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली. याला कितीचं वेटेज देणार? त्यापेक्षा 'जागा चालू राहिली' आणि 'मधेच बंद पडली' अशी दोन गणितं मांडा. दुसऱ्यात कचरा कुठे जाईल ते लिहावंच लागेल, म्हणजे जागा जोडीनेच निवडावी लागते.

विक्रोळी_ईस्ट: जोडीचं डोक्यातच नव्हतं. काका, बोअरचं बजेट नाही. गावातल्या विहिरी चालतील?

निवृत्त_सिव्हिल: चालतील. जून ते सप्टेंबर, दर पंधरवड्याला, सकाळी पंप सुरू व्हायच्या आधी टेप सोडा. कठडा जमिनीपासून किती उंच ते वजा करा, पोरं हमखास विसरतात. आणि पाणी भरणाऱ्या बायकांना विचारा, श्रावणात पाणी कितव्या पायरीला लागतं. एका मे महिन्याच्या रीडिंगपेक्षा ते कधीही बरं.