रीचच्या ७.१० साठी तीन पावडरी: ज्वलनशीलतेची चाचणी कुणाची करायची?

निर्यात_कक्ष
जाणकारांचा सल्ला हवा आहे. तारापूरहून युरोपला तीन पावडरी जातात: झिंक ऑक्साइड, काळा आयर्न ऑक्साइड आणि ॲटमाइज्ड (वितळलेला धातू फवारून केलेलं) ॲल्युमिनियम (जाडसर आणि बारीक, दोन ग्रेड). तिथल्या प्रतिनिधीने रीचच्या (युरोपच्या रसायन-नोंदणी कायद्याच्या) सातव्या परिशिष्टातल्या ७.१० खाली ज्वलनशीलतेची माहिती मागितली आहे. सगळे नमुने बाहेर पाठवायचे, की काहींचं कागदावर भागेल? प्राथमिक चाचणी घरच्या लॅबमध्ये करता येते का?

राखाडी_रेघ
झिंक ऑक्साइड पाठवू नका. त्यातल्या जस्ताला आणखी ऑक्सिजन घेता येत नाही, म्हणजे जळायला काही उरलेलंच नाही. हे कारण आणि हाताळणीचा अनुभव चार ओळींत मांडून चाचणीतून सूट घ्या. फक्त माल स्टिअरिक ॲसिडसारख्या सेंद्रिय लेपाचा असेल तर हा मुद्दा त्याला लागू होत नाही.

काळ्या ऑक्साइडला तीच ओळ चिकटवू नका. त्यातलं काही लोह दोन संयुजेचं असतं, ते हवेत तीनवर जाऊ शकतं. बारीक मालात खरा धोका आगीच्या ज्वाळेपेक्षा आपोआप तापण्याचा. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी-पुस्तिकेतली एन.४ (पुढच्या एन. क्रमांकाच्या चाचण्याही तिथल्याच): १०० मिमी बाजूच्या जाळीच्या घनात नमुना भरून ओव्हनमध्ये १४० अंशांना २४ तास. नमुना २०० अंशांच्या वर गेला किंवा पेटला की निकाल सकारात्मक.

ॲल्युमिनियमला चाचणी हवीच, आणि क्रम चुकवू नका. आधी एन.२: १ ते २ मिली पावडर साधारण १ मीटरवरून न जळणाऱ्या पृष्ठभागावर ओता. पडताना किंवा ५ मिनिटांत पेटते का पाहा. सहा वेळा. इथे पेटली तर एन.१, म्हणजे ज्वलनशीलतेची मुख्य चाचणी, करायचीच नाही.

एन.१ ची प्राथमिक फेरी घरी होते. २५० मिमी लांब, २० रुंद, १० उंच अशी सलग रेघ घाला. बर्नरची ज्वाळा किमान १००० अंशांची हवी. ती एका टोकाला धरायची: धातूच्या पावडरीला जास्तीत जास्त ५ मिनिटं, बाकीच्यांना २. धातूत २०० मिमीपर्यंत जळण २० मिनिटांत सरकलं नाही तर एन.१ तिथेच संपली. सरकलं तर नमुना लॅबला.

फ्यूमहूड
घरी करताना हमखास होणारी चूक म्हणजे स्टीलचा ट्रे. तो उष्णता ओढून घेतो, जळण मध्येच विझतं आणि निकाल खोटा ‘नाही’ येतो. कॅल्शियम सिलिकेट बोर्ड घ्या, प्रत्येक वेळी थंड आणि स्वच्छ. हुडचा ओढा पूर्ण चाचणीभर एकसारखा ठेवा, बाजूला आडोसा लावा. ज्वाळा वरून मारली तर बारीक पावडर उडते, ती आडवी टोकाला धरा. धातू पुष्कळदा ज्वाळेविना नुसता लाल धगधगत पुढे जातो. तेही जळणच मोजायचं. शेजारी कोरडी वाळू ठेवा. पाणी आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर ॲल्युमिनियमच्या आगीवर वापरू नका.

निर्यात_कक्ष
पुढच्या फेरीत ज्वलनशीलतेचा वर्ग कसा ठरतो? गंधकालाही हेच नियम का?

राखाडी_रेघ
साचा त्रिकोणी छेदाचा, तोही २५० मिमी लांब. पावडर सैल भरायची, साचा २० मिमीवरून तीनदा आपटायचा, मग बोर्डावर पालथा घालायचा. एका फेरीला जेमतेम २५ मिली माल लागतो. ठोकून भरलात तर हवा कमी राहते आणि वेग बदलतो. धातूत संपूर्ण लांबी ५ मिनिटांत किंवा आत जळली तर वर्ग १, त्यापुढे १० मिनिटांपर्यंत वर्ग २.

गंधकाचं, म्हणजे अधातूंचं, वेगळं. पहिले ८० मिमी सोडून पुढच्या १०० मिमीची वेळ घ्यायची, ४५ सेकंदांच्या आत असेल तर ज्वलनशील. त्या १०० मिमीच्या पुढे ३० ते ४० मिमीवर १ मिली पाणी थेंबाथेंबाने टाकलेलं असतं. ओल्या पट्ट्याने जळण किमान ४ मिनिटं अडवलं तर वर्ग २, नाही अडवलं तर वर्ग १. पाणी ढिगावरून घरंगळत असेल तर पाण्यात भिजवायला मदत करणारं द्रव्य (वेटिंग एजंट) मिसळा, १ टक्क्याच्या आत. धातूंना हा ओला पट्टा नसतो.

कागदपत्रं
जुना ए.१० (युरोपची स्वतःची ज्वलनशीलता चाचणी) अहवाल हाती असला तरी त्यात ओला पट्टा नसतो, त्यावरून अधातू पदार्थाचा वर्ग १ की २ हे ठरवता येत नाही. नव्या चाचणीसाठी जीएलपीचा (उत्तम प्रयोगशाळा पद्धतीच्या प्रमाणपत्राचा) खर्च करू नका. भौतिक धोक्यांना मान्य गुणवत्ता व्यवस्था किंवा आयएसओ १७०२५ मानांकनाची लॅब चालते.

ॲल्युमिनियमला एन.५ ही जोडा. पाण्याशी वायू किती सुटतो यावर वाहतुकीचा क्रमांक फिरतो: लेपित पावडर यूएन १३०९, वाहतुकीचा वर्ग ४.१ (ज्वलनशील घन), बिनलेपाची १३९६, वाहतुकीचा वर्ग ४.३ (पाण्याशी ज्वलनशील वायू सोडणारे).

फ्यूमहूड
आणि एन.१ चा ‘नाही’ दाखवून धूळस्फोटाची तरतूद कुणी काढू देऊ नका. ढीग जळत नाही म्हणून हवेत उडालेली तीच पावडर निर्धोक ठरत नाही, त्याची चाचणी २० लिटरच्या बंद गोल पात्रात वेगळी होते. दोन ग्रेडचे नमुने वेगळे पाठवा, बारीक ग्रेडची चाचणी आधी करून घ्या आणि पिशवीवर चाळणीचे आकडे लिहा. नमुना विकला जातो त्याच ओलाव्याचा असू द्या.