दिग्दर्शक असताना आणखी एक माणूस कशाला?

"दिग्दर्शक असताना इंटिमसी कोऑर्डिनेटर म्हणजे नुसता वाढीव खर्च" हे काहींचं मत मला पटलं नाही. इंटिमसी कोऑर्डिनेटर म्हणजे प्रणयाचे, जवळिकीचे सीन नटनट्यांच्या संमतीनं बसवून देणारा माणूस. मारामारीला फाईट मास्टर लागतो, तिथं कुणी खर्च काढत नाही की ओ! दिग्दर्शकाला शॉट हवा असतो आणि नवी मुलगी त्यालाच 'नाही' म्हणायला बिचकते. मधे तिसरा माणूस लागतो तो याचसाठी.

काम तसं तांत्रिकच. कुठं हात लागेल, कुठं नाही, किती कपडे उतरतील, हे आधी लेखी ठरतं. मग हालचाली नाचासारख्या बसवायच्या. झाकायला अंगाच्या रंगाची टेप, दोघांच्या मधे पातळ उशी, सेटवर मोजकीच माणसं. आणि ऐनवेळी नको वाटलं तर थांबायची मुभा. एचबीओ या अमेरिकन टीव्ही वाहिनीनं २०१८ मध्ये अशा दृश्यांसाठी कोऑर्डिनेटर नेमायचं धोरणच केलं. आपल्याकडं हेच काम करणाऱ्या आस्था खन्नांनी ही वाट पाडली.

आमच्या कोल्हापुरात, मोरेवाडीच्या चित्रनगरीत बहुतेक शूटिंग मालिकांचंच. तिथं असले सीन कुठले, म्हणाल. पण मालिकेतली पहिली रात्र किंवा खलनायकानं हात धरणं, हेही अंगलगीचंच की. निदान सीनच्या वेळी बघ्यांना बाहेर काढायला तर पैसे पडत नाहीत!