ऑक्सिजन सेन्सर घरी बदलावा की गॅरेजलाच द्यावा?

मांजराकाठ, लातूर

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजात स्कॅनर लावतात, ऑक्सिजन सेन्सरचा (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) कोड निघतो आणि गाडी दिवसभर तिथंच अडकते. माझं मत: पेट्रोल गाडीचा पुढचा सेन्सर, म्हणजे कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) आधीचा, घरीच बदलावा. किनवट-माहूरच्या माणसाला नांदेड गाठायचं तर शंभर किलोमीटरच्या वर रस्ता आहे. एका पान्याच्या कामासाठी अख्खा दिवस मोडायचा कशाला?

सामान फार लागत नाही. २२ मिमीचा रिंग पाना किंवा बाजूला चीर असलेला सेन्सरचा खास सॉकेट, उष्णतेच्या पत्र्यासाठी १० मिमीचा पाना, गंज सोडवणारं तेल. आदल्या रात्री आट्यांच्या बुडाशी तेल सोडा. सकाळी इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा. मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणारा नळ, कोमट हवा, हात भाजेल इतका तापलेला नको. आधी कनेक्टर काढा, मग पाना लावा. उलट केलंत तर वायर पीळ खाते. जुना सेन्सर टाकूनच द्यायचा असेल तर त्याची वायर कापून टाका, म्हणजे सहा कोनी खोल सॉकेट पूर्ण बसतो आणि कडा गोल होत नाहीत. मात्र नवा सेन्सर हातात आल्यावर, कनेक्टर आणि वायरची लांबी जुळवून पाहिल्यावरच कात्री लावा.

नवा बसवताना निदान तीन आटे बोटांनीच फिरले पाहिजेत. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, साधारण ४० न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर हिशेब सोपा आहे: ३० सेंमी पान्याच्या टोकाला साडेतेरा किलोचा जोर, म्हणजे १५ लिटर तेलाचा भरलेला डबा उचलायला लागतो त्याहून थोडा कमी. यापेक्षा जास्त ताणू नका. नव्या सेन्सरच्या आट्यांवर करड्या रंगाचं अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) बहुतेक वेळा लावलेलंच येतं. वरून आणखी थापू नका, आणि टोकाच्या जाळीला तर बोटही लावू नका.

वाळूज टूलरूम, छत्रपती संभाजीनगर

दादा, पाना कसा चालवायचा ते तुम्ही बरोबर सांगितलंत. माझा विरोध त्याच्या आधीच्या पायरीला आहे. कोड सर्किटचं नाव सांगतो, खराब पार्टचं नाही. घरी काम करणारा माणूस कोड वाचतो, काही हजारांचा सेन्सर मागवतो, बसवतो आणि चौथ्या दिवशी दिवा पुन्हा लागतो.

पी०१३५ घ्या, पुढच्या सेन्सरच्या हीटरचा, म्हणजे सेन्सर तापवणाऱ्या तारेचा कोड. आधी फ्यूज बघा. मग चावी ऑन करून, शक्यतो इंजिन चालू ठेवून, गाडीकडच्या कनेक्टरवर बॅटरीएवढा व्होल्टेज येतो का ते मोजा. नंतर सेन्सरकडच्या हीटरच्या दोन वायरींमधला रोध मोजा. बॉश आणि एनटीकेच्या चार वायरींच्या सेन्सरला या दोन पांढऱ्या असतात, काळी सिग्नलची, करडी ग्राउंडची. डेन्सोला हीटरच्या दोन काळ्या, निळी सिग्नलची, पांढरी ग्राउंडची. सेन्सर थंड असताना काही ओहम दाखवायला हवेत. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला, आणि तेव्हाच सेन्सर मागवा.

पी०१३१ जास्त फसवा आहे: व्होल्टेज कमी, म्हणजे सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतोय. मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं असेल तर धुराच्या दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर जे दिसतं ते खरंच सांगतो, ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो आणि मायलेज पडतं. गाडी थंड असताना सुरू केल्यावर टिक-टिक आवाज आला आणि तापल्यावर गेला, तर गॅस्केटकडे बघा. पी०४२० वर सेन्सर बदलणारे तर रोज दिसतात. तो कोड मुळात कन्व्हर्टरच्या कामाचा आहे.

सेन्सर खरंच सुस्त झालाय का ते लाइव्ह डेटात, म्हणजे स्कॅनरवरच्या चालू आकड्यांत दिसतं. इंजिन पूर्ण तापवा, २५०० आरपीएमवर धरा. पुढच्या सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सतत खालीवर नाचला पाहिजे. एखादी छोटी व्हॅक्यूम नळी क्षणभर काढली की ०.२ च्या खाली, ॲक्सिलरेटरला झटका दिला की ०.८ च्या वर. हे झटपट घडत असेल तर सेन्सर जिवंत आहे, त्याला हात लावू नका. मागच्या सेन्सरचा आकडा मात्र नाचायला नको, तो साधारण ०.६-०.७ वर टिकून राहायला हवा.

आणि हे सगळं जुन्या पद्धतीच्या सेन्सरचं. नव्या बीएस६ गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असू शकतो, पाच-सहा वायरींचा. त्याला हे व्होल्ट लागू नाहीत.

काळी माती, कळमनुरी

वायरीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडं गाडी सोयाबीनच्या ढिगाशेजारी नाहीतर उसाच्या कडेला उभी असते. पावसाळा संपला की उंदीर बॉनेटमध्ये ऊब धरतात अन् सेन्सरची वायर कुरतडतात. हीटरचा कोड आला की आधी टॉर्च लावून सगळी वायर हातानं चाचपा. तुकडा पडला असेल तर गाडीच्या हार्नेसकडची (वायरिंगच्या जुडग्याकडची) वायर जोडता येते. सेन्सरकडच्या वायरला मात्र सोल्डर लावू नका. बऱ्याच सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या वायरीच्या तारांमधूनच आत जाते. सोल्डरनं, नाहीतर कनेक्टरात ग्रीस भरल्यानं ती वाट बुजते अन् चांगला सेन्सर चुकीचं बोलायला लागतो.

दुधना, सेलू

मी पूर्ण विरोधात. आठ-दहा वर्षं न हललेला सेन्सर मॅनिफोल्डात घट्ट बसलेला असतो. पाव फेरा सुटतो, मग जड होतो. इथंच लोक पान्याला पाइपचा तुकडा लावतात आणि मॅनिफोल्डचे आटे सेन्सरबरोबर बाहेर येतात. मग १८ × १.५ मिमीचा आटे पाडायचा टॅप फिरवा, नाहीतर इन्सर्ट बसवा, नाहीतर मॅनिफोल्डच उतरवा. वाचवलेली मजुरी तिथंच संपते. अर्धा फेरा सोडा, पाव फेरा आवळा, तेल सोडा, थांबा, असं अर्धा तास करण्याचा धीर ज्याच्याकडं नाही त्यानं हे काम घ्यायचं नाही.

गॅसकिट, जालना

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत एक चाचणी आधी करा. ५०-६० किमी फक्त पेट्रोलवर चालवा आणि स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो ते. पेट्रोलवर ट्रिम शून्याच्या आसपास, १० टक्क्यांच्या आत, आणि गॅसवर अधिक २० किंवा वर जात असेल तर सेन्सर निर्दोष आहे. रिड्यूसरचा (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचा) दाब किंवा गॅस इंजेक्टरचं सेटिंग चुकलंय. पी०१७१, म्हणजे मिश्रणात इंधन कमी असल्याचा कोड, अशा गाड्यांत बऱ्याचदा यामुळे येतो.

मांजराकाठ, लातूर

वाळूजवाल्यांचं म्हणणं मान्य, चाचणीशिवाय पार्ट मागवू नये. पण मग मला सांगा, ही चाचणी किती गॅरेजांत होते? कोड वाचून थेट पार्ट सांगणारे तिथंही आहेतच. सेन्सर पेट्रोलनं धुऊन किंवा गॅसच्या ज्योतीवर भाजून परत लावणारेही आहेत. सिलिकॉन किंवा ऑइलची राख बसलेला सेन्सर धुऊन जिवंत होत नाही. घरी स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर आणि मल्टिमीटर असला की हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं, आणि गॅरेजात गेलातच तरी 'लाइव्ह डेटा दाखवा' असं म्हणता येतं.

दुधना, धीराचं तुमचं बरोबर. पण तसाच सुस्त सेन्सर ठेवून सहा महिने फिरणंही स्वस्त पडत नाही. मिश्रण गडद (हवेच्या मानानं पेट्रोल जास्त) होत राहिलं तर जादा पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि त्याचा आतला जाळीदार ठोकळा वितळतो. तो सेन्सरच्या कितीतरी पट महाग.

वाळूज टूलरूम, छत्रपती संभाजीनगर

काढलेल्या सेन्सरचं टोक फेकायच्या आधी नीट बघा एवढंच. पांढरी खरखरीत पूड म्हणजे सिलिकॉनचा सीलंट किंवा कूलंट जळतोय. काळी कोरडी काजळी म्हणजे मिश्रण गडद. काळं चकचकीत ओलसर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. मूळ दुखणं तसंच ठेवून बसवलेला नवा सेन्सरही तसाच मरतो.

दुधना, सेलू

पुढच्या सेन्सरपुरतं एकवेळ मान्य करतो, तो बऱ्याच गाड्यांत बॉनेट उघडून हाताला येतो. मागच्यासाठी गाडीखाली झोपावं लागतं. नुसत्या जॅकवर कुणीही आत शिरू नये, दोन्ही बाजूंना घोड्या (जॅक स्टँड) हव्यात. आणि आपल्या काळ्या मातीच्या अंगणात वरून कोरडी दिसणारी जमीन वजन आलं की खचते, जॅकचं बूड एका बाजूला रुततं. खाली सिमेंटचा कोबा नसेल तर मागचा सेन्सर गॅरेजलाच.